केडन्स : पडण्याचा इतिहास

पळायला जाणाऱ्यांच्या मनगटावरचं स्मार्टवॉच अंतर सांगतं, वेळ सांगतं, हृदयाचे ठोके सांगतं आणि शेवटी ‘केडन्स’ नावाचा एक आकडा दाखवतं. मिनिटाला किती पावलं पडली, तो हा आकडा. सायकलवाल्यांसाठी हाच शब्द पायडल मिनिटाला किती वेळा फिरलं हे सांगतो. आयटीत नोकरी लागली की पहिल्या आठवड्यातच तो मीटिंगमध्ये कानावर येतो. ‘रिलीजचा केडन्स दोन आठवड्यांचा ठेवू’, ‘या कॉलचा केडन्स काय असेल?’ पियानो शिकणाऱ्याला मात्र केडन्स म्हणजे संगीतातल्या वाक्याचा शेवट, जिथे सूर येऊन टेकतात ती जागा.

इंग्रजीचा मोठा शब्दकोश उघडला तर यादी आणखी लांबते. ताल, लय. वाक्य संपताना खाली उतरणारा आवाज. आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक करून, ‘केडन्सी’ या रूपात, घराण्यातल्या धाकट्या शाखेचं स्थान, म्हणजे तुम्ही कितव्या मुलाचे वंशज आहात ते.

ताल आणि उतरता सूर यांचं नातं ओढूनताणून का होईना, लावता येतं. पण यात घराण्यातला नंबर कुठून आला? या प्रश्नाच्या मागे लागलं की रोमचे वक्ते, पोपचं कार्यालय, लंडनच्या जकात नाक्यावर हिशेब लिहिणारा एक कवी आणि अमेरिकन सैन्यातला एक थकलेला शिपाई असे सगळे भेटत जातात. आणि एक गोष्ट लक्षात येते. या शब्दात दोन प्रकारची शिस्त कोंबून बसवलेली आहे. एक वरून खाली येते, दुसरी सगळ्यांची पावलं एका वेळी पडली की तयार होते.

किती गोष्टी पडतात

आधी मराठीतच बघू. पाऊस पडतो, ऊन पडतं, अंधार पडतो, थंडी पडते. प्रश्न पडतो, विसर पडतो, फरक पडतो. नाव पडतं. सारीपाटावर दान पडतं. दोन माणसांची अचानक गाठ पडते. यातल्या एकाही ठिकाणी कुणी उंचावरून खाली आपटलेलं नाही. ‘पडणे’ हे क्रियापद आपण ‘घडणे’च्या जागी वापरतो, तेही विशेषतः जे आपल्या हातात नसतं त्यासाठी.

लॅटिनमध्ये नेमकं हेच झालं. ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्यावरून ‘कादेन्तिया’, म्हणजे पडण्याची क्रिया. हे रूप जुन्या फ्रेंचमध्ये झिजत गेलं, फाशांच्या पडण्याशी जोडलं गेलं आणि इंग्रजीत ‘चान्स’ होऊन पोहोचलं. आपलं ‘दान पडणं’च ते. तेच रूप इटालियनमध्ये ‘कादेन्झा’ झालं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘केडन्स’ म्हणून आलं. म्हणजे चान्स आणि केडन्स ही सख्खी भावंडं. एकाच्या वाट्याला बेभरवशाचं पडणं आलं, दुसऱ्याच्या वाट्याला ठरलेल्या वेळी पडणं.

बाकीचं गोतही आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. ॲक्सिडेंट म्हणजे अंगावर येऊन पडलेलं. कोइन्सिडन्स म्हणजे दोन गोष्टी एकत्र पडणं, आपली ‘गाठ पडणं’. केस, कॅज्युअल, कॅज्युअल्टी, सगळी याच घरातली. वेबसाइट बनवणाऱ्यांना ओळखीचं सीएसएस, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट, यातला ‘कॅस्केड’ म्हणजे धबधबाही इटालियनमार्गे इथूनच आला. ही कल्पना १९९४ साली होकोन व्यूम ली यांनी मांडली. तिच्यात नियम वरून खाली झिरपतात, मूळ घटकाचे गुण त्याच्या पोटातल्या घटकाकडे वारशानं जातात आणि दोन नियम भांडले तर कोण वरचढ हे आधीच ठरलेलं असतं. पडणं, वारसा आणि मानाचा क्रम एकत्र आलेले इथे दिसतात. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

तौलनिक भाषाशास्त्रात ‘कादेरे’शी संस्कृतचा ‘शद्’ हा धातू जोडतात. धातुपाठात त्याचा अर्थ ‘शातन’ दिला आहे, म्हणजे झडणं, गळणं. शिवाय व्याकरणातही दोन्हीकडे पडझड आहेच. ग्रीक वैयाकरणांनी नामाच्या बदलत्या रूपांना ‘पडणं’ म्हटलं, रोमनांनी त्याचं भाषांतर ‘कासुस’ केलं आणि इंग्रजी व्याकरणातली ‘केस’ तिथून आली. इकडे यास्कानं ‘निरुक्ता’त शब्दांचे चार वर्ग केले, त्यातल्या एकाचं नाव ‘निपात’, निरनिराळ्या अर्थांत जाऊन पडणारे शब्द. भाषेकडे बारकाईनं बघणाऱ्या दोन परंपरांना पडण्याचीच उपमा सुचावी, हे मला तरी विलक्षण वाटतं.

सूर खाली येतो

आता तालाकडे. पडण्यातून ताल कसा निघाला?

मोठ्यानं एखादं साधं वाक्य म्हणून बघा. ‘मी उद्या पुण्याला जाणार आहे.’ शेवटाकडे आवाज आपोआप खाली येतो. प्रश्न असेल तर बहुधा वर जातो. आवाज खाली आला की ऐकणाऱ्याला कळतं, वाक्य संपलं, आता आपण बोलायला हरकत नाही. कागदावर पूर्णविराम यायच्या कितीतरी आधीपासून माणसं असा घशातला पूर्णविराम वापरत आली आहेत.

रोमच्या वक्त्यांनी या शेवटाचं शास्त्र केलं. सिसेरोनं इसवी सनपूर्व ४६मध्ये लिहिलेल्या ‘ओरातोर’ या ग्रंथात गद्याच्या लयीवर बराच खल केला आहे. वाक्य कुठल्या ऱ्हस्व-दीर्घ क्रमानं संपावं, काय कानाला गोड लागतं, काय पद्यासारखं वाटून खटकतं, असं सगळं. सिसेरोचा एक ठरावीक शेवट पुढे इतका प्रसिद्ध झाला की टॅसिटसच्या ‘दिआलोगुस’ या ग्रंथात एक पात्र त्याची टर उडवतं. नेत्याच्या भाषणातली ठरलेली लकब मिमिक्रीवाले उचलतात, तसंच.

ही कला रोमन साम्राज्याबरोबर मागे पडली आणि अनपेक्षित ठिकाणी परत आली, पोपच्या पत्रव्यवहार कार्यालयात. अकराव्या शतकाच्या अखेरीला पोप अर्बन दुसरा यांच्या कार्यालयात जॉन ऑफ गाएटा नावाचा अधिकारी होता. तोच पुढे १११८ साली पोप जलेशियस दुसरा झाला. त्याच्या काळात पोपच्या पत्रांमध्ये वाक्यं ठरावीक लयीत संपवण्याची पद्धत पुन्हा रुजली. या शेवटांचे मुख्य प्रकार तीन, त्यांच्या नावांचे अर्थ सरळ, संथ आणि वेगवान. गंमत म्हणजे या लयीचा उपयोग खोटी पत्रं ओळखायलाही होऊ लागला. मोहोर बनवता येते, अक्षर गिरवता येतं, पण नियम न कळलेल्या माणसाची वाक्यं चुकीच्या जागी पडतात. संगणकात फाइल अस्सल आहे का हे तपासायला आपण चेकसम काढतो. पोपच्या कारकुनांचा चेकसम कानात होता.

संगीतात हा अर्थ आणखी काटेकोर झाला. चर्चच्या एकसुरी गायनात ओळ शेवटाकडे बहुतेकदा एकेक पायरी उतरत मुख्य सुरावर येते. हे उतरणं म्हणजे केडन्स. व्हेनिसचा संगीतशास्त्री झार्लिनो यानं १५५८ साली आपल्या ग्रंथात लिहिलं की संगीतात केडन्सचं काम तेच, जे गद्यात पूर्णविरामाचं. १७२२ साली फ्रेंच संगीतकार रामो यानं सुरावटींचं नवं शास्त्र मांडलं, तेव्हा त्याच्या ‘परिपूर्ण केडन्स’मध्येही खालचा स्वर पाच सुरांनी खाली पडत होता. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये, ज्याचा प्रयोग १६०२ साली झाल्याची नोंद आहे, ड्यूक ऑर्सिनो पडदा उघडताच संगीत ऐकत असतो आणि एक जागा पुन्हा वाजवायला सांगतो. का, तर तिथे सूर विझत विझत खाली येतो म्हणून.

आपल्याकडे याच जागेला ‘न्यास’ म्हणतात. नाट्यशास्त्रापासून हा शब्द चालत आला आहे. न्यास म्हणजे खाली ठेवणं, टेकवणं. युरोपात सूर पडतो, आपल्याकडे तो अलगद ठेवला जातो, पण दिशा तीच. आणि ‘लय’ या शब्दाच्या मुळाशीही विरघळणं, विलीन होणं आहे. ‘प्रलय’ त्याचाच भाऊ. म्हणजे कालाची गती दाखवणारा आपला शब्दही संपण्यातूनच आलेला.

एकदा पडलं की शेवट. पण ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा पडलं की? तो ताल. संपण्याची खूण असलेला शब्द मोजण्याचं माप झाला तो असा. पाऊल पडतं, काठी पडते, हातोडा पडतो, वल्हं पडतं. पुढचं कधी पडणार हे आधीच कळायला लागलं की माणसं त्यावर नाचू शकतात, ओझं ओढू शकतात, लढायलाही जाऊ शकतात.

आणि हे पडणं मुद्दाम लांबवता येतं. पियानो किंवा व्हायोलिनच्या कंचेर्तोमध्ये शेवट जवळ आला की सगळा वाद्यवृंद एका अधांतरी सुरावटीवर थांबतो आणि एकटा वादक मनाला येईल तसं वाजवत सुटतो. त्याला ‘कादेन्झा’च म्हणतात. पडायच्या कड्यावर उभं राहून न पडणं. श्रोत्यांना माहीत असतं की शेवटी खाली यायचंच आहे, म्हणून तर मजा. तबल्याच्या साथीनं तानांमागून ताना घेत समेवर येणारा गायक असाच ताण धरून ठेवतो. १८०९च्या सुमारास बीथोव्हेननं आपल्या पाचव्या पियानो कंचेर्तोत मात्र स्पष्ट सूचना लिहून ठेवली की इथे वादकानं स्वतःचा कादेन्झा करू नये, पुढे लिहिलंय तेच लगेच वाजवावं. मोकळी सोडलेली एक जागा इथे लेखकानं ताब्यात घेतली. पडायचं कधी हे कोण ठरवणार, हा प्रश्न पहिल्यांदा इथे नीट दिसतो.

जकात नाक्यावरचा कवी

इंग्रजीत ‘केडन्स’ शब्दाचा सर्वांत जुना वापर सापडतो तो जेफ्री चॉसरकडे, १३८०च्या आसपास लिहिलेल्या ‘द हाउस ऑफ फेम’ या कवितेत.

चॉसर तेव्हा लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशेब तपासणारा अधिकारी होता. १३७४ ते १३८६ अशी बारा वर्षं त्यानं ही नोकरी केली. दारूच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा, घराण्याचा मोठा वारसा वगैरे काही नाही. कवितेत एक सोनेरी गरुड ‘जेफ्री’ला पंजात धरून आकाशात नेतो आणि वाटेत त्याची हजेरी घेतो. तू जाम जड आहेस. दिवसभर हिशेब करतोस, आणि घरी गेल्यावर विश्रांती घ्यायची सोडून पुन्हा दुसऱ्या पुस्तकात डोकं घालतोस, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. दिवसा स्क्रीन आणि रात्री पुन्हा स्क्रीन असं जगणाऱ्या कुणालाही हा गरुड ओळखीचा वाटेल. बोलण्याच्या ओघात तो म्हणतो की तू पुस्तकं, गाणी रचतोस, कधी यमकात तर कधी केडन्समध्ये. चॉसरला इथे केडन्स म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांचा वाद आहे. यमक नसलेलं, पण लय असलेलं काहीतरी, एवढं दिसतं.

हाच गरुड पुढे भौतिकशास्त्राचं व्याख्यान देतो. प्रत्येक वस्तूची एक स्वाभाविक जागा असते. दगड खाली पडतो कारण त्याची जागा खाली, धूर वर जातो कारण त्याची जागा वर. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं हे ज्ञान. मध्ययुगात ते फक्त दगडाधुराला लागू नव्हतं. माणसांचीही स्वाभाविक जागा ठरलेली असे, कुणाची वर, कुणाची खाली.

हे प्रकरण चॉसरच्या डोळ्यांसमोर कोर्टात उभं राहिलं. १३८५ साली राजा रिचर्ड दुसरा स्कॉटलंडवर चालून गेला. त्या सैन्यात सर रिचर्ड स्क्रोप यांना दिसलं की चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर आपलंच चिन्ह मिरवतोय, निळ्या ढालीवर तिरका सोनेरी पट्टा. स्क्रोपनं दावा लावला. तो पाच वर्षं चालला आणि शेकडो साक्षीदार तपासले गेले. ऑक्टोबर १३८६मध्ये वेस्टमिन्स्टर इथे चॉसरची साक्ष झाली. त्यानं सांगितलं की फ्रान्सच्या मोहिमेत, ज्यात तो स्वतः कैद झाला होता, त्यानं स्क्रोप मंडळींना हे चिन्ह वापरताना पाहिलं आहे. नंतर एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका घरावर तेच चिन्ह टांगलेलं दिसलं. ही कुठली स्क्रोप मंडळींची खाणावळ, असं विचारलं तर कळलं, स्क्रोप नव्हे, ग्रोव्हनर नावाच्या सरदाराचं चिन्ह आहे. हे नाव आपण त्या दिवशी प्रथमच ऐकलं, असं चॉसरनं सांगितलं.

१३८९ साली निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला. ग्रोव्हनरला पर्याय दिला गेला की चिन्ह वापर, पण भोवती पांढरी किनार लाव. १३९० साली खुद्द राजानं तोही मोडीत काढला. कारण ऐकण्यासारखं आहे. असा छोटासा फरक केलेलं चिन्ह रक्ताच्या नात्यातल्या माणसाला, चुलत शाखेला शोभतं, परक्याला नाही. किनार लावणं म्हणजे ‘मी या घराण्याची धाकटी शाखा आहे’ असं जाहीर करणं, आणि ग्रोव्हनर तर त्या घराण्याचा कुणीच नव्हता.

घराण्यातला नंबर चिन्हावर दाखवण्याच्या या पद्धतीला पुढे नाव पडलं ‘केडन्सी’. केडन्स शब्द इंग्रजीत पहिल्यांदा लिहिणारा माणूस त्याच दशकात केडन्सीच्या एका मोठ्या खटल्यात साक्षीला उभा होता. दोन्ही शब्दांची त्याच्या मनात गाठ पडली असेल असं मानायला काही आधार नाही. हा निव्वळ चान्स, म्हणजे फासा पडला तसा पडला.

धाकटी पाती

इंग्रजांनी या धाकटेपणाची पुढे पद्धतशीर यादीच केली. ती १५००च्या सुमारास जॉन राइथ या राजचिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावाशी जोडली जाते. बाप जिवंत असेपर्यंत थोरल्याच्या ढालीवर वरच्या बाजूला एक पट्टी. दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा, चौथ्याला मार्टलेट नावाचा पक्षी, पाचव्याला कडं, सहाव्याला लिलीचं फूल, सातव्याला गुलाब, अशी नवव्या मुलापर्यंत सोय. या चौथ्याच्या पक्ष्याला पाय नसतात. परंपरेनं सांगितला जाणारा अर्थ असा की चौथ्या मुलाला पाय टेकायला जमीनच मिळणार नाही. मुलींना अशी खूणच नव्हती. मुलगा नसेल तर सगळ्या मुली समान वारस, त्यांच्यात थोरली-धाकटी भेद नाही. नंबर लावण्याइतकी किंमत नव्हती, म्हणून तेवढ्यापुरती समानता.

केडन्सी म्हणजे वंशाचं खाली पडत जाणं. पण या शब्दाला धाकटेपणाचा रंग चढला तो ‘कॅडेट’मुळे, आणि कॅडेटचा पडण्याशी जन्माचा काहीच संबंध नाही. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. त्याचं लाडकं रूप ‘कापितेल्लुम’, छोटं डोकं. दक्षिण फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांताच्या बोलीत त्याचं ‘काप्देत’ झालं आणि अर्थ झाला म्होरक्या, कप्तान. पंधराव्या शतकात गॅस्कनीहून फ्रेंच राजाच्या सैन्यात जे ‘काप्देत’ आले ते बहुतेक सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे होते, कारण जमीन थोरल्याला जायची आणि बाकीच्यांना तलवार. दरबारानं समजून घेतलं की ‘कादे’ म्हणजे धाकटा. डोक्यावरून निघालेला शब्द घसरत घसरत खालच्या नंबरावर आला आणि पडण्यावरून निघालेल्या शब्दाला येऊन चिकटला. द्युमाच्या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झालेला दार्तान्यां हा असाच गॅस्कन.

शब्द तिथेही थांबला नाही. स्कॉटलंडमध्ये त्याचा ‘कॅडी’ झाला, एडिंबरोच्या रस्त्यांवर निरोप पोहोचवणारा, पडेल ते काम करणारा पोरगा. नंतर तो गोल्फच्या मैदानावर दुसऱ्याच्या काठ्या वाहू लागला. त्यातूनच निघालेला ‘कॅड’ म्हणजे असभ्य, नीच माणूस. कप्तान, धाकटा मुलगा, हरकाम्या, नीच. एकाच शब्दाची ही चार पायऱ्यांची उतरंड.

उतरंड! हा आपला शब्द. एकावर एक रचलेली मडकी आणि मानाचा चढउतार, दोन्हींना आपण उतरंडच म्हणतो. थोरलेपणाची भांडणं आपल्याकडेही काही कमी नाहीत. पाटीलकीच्या जुन्या कागदांमध्ये वडीलपणाचा मान कुणाचा, कागदावर पाटलाची नांगराची निशाणी कुणी आधी करायची, यावर पिढ्यान्‌पिढ्या तंटे चाललेले दिसतात. पण एक फरक नोंदवण्यासारखा आहे. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून देवासची दोन संस्थानं झाली. राजधानीचं गाव एकच, राजे दोन. इंग्रजांनी त्यांना सीनियर आणि ज्युनियर म्हटलं. मराठीत ती थोरली पाती आणि धाकटी पाती. इ. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव होता, त्याचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली आलं. पाती म्हणजे वाटा, भागीदारीतला हिस्सा. पातीदार म्हणजे वाटेकरी. आपला शब्द धाकट्याला किती मिळालं ते सांगतो. इंग्रजीतला शब्द तो कुठे पडला ते सांगतो.

पाऊल

जमीन नसलेले हे धाकटे युरोपभर सैन्यात भरती होत राहिले. १६८२ साली फ्रान्सचा युद्धमंत्री लुव्वा यानं त्यांच्यासाठी खास कॅडेट तुकड्या काढल्या, लढाईचं रीतसर शिक्षण देणाऱ्या. अठराव्या शतकात गरीब सरदारांच्या मुलांसाठी पॅरिसमध्ये लष्करी शाळा निघाली. १७८४ साली तिथे कॉर्सिकाहून आलेला एक कॅडेट दाखल झाला, तोही घरातला थोरला नव्हे. नेपोलियन बोनापार्ट.

त्याच शतकात केडन्स पायांत आला. प्रशियानं शिपायांना एका ठेक्यावर पाऊल टाकायला शिकवलं. फ्रान्समध्ये या ठेक्याचा सर्वांत उत्साही वकील होता मार्शल मॉरिस द साक्स. हा पोलंडच्या राजाचा मुलगा, पण अनौरस, त्यामुळे सिंहासनाच्या रांगेबाहेर. १७३२ साली लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर १७५७ साली छापल्या गेलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं सांगितलं की कवायतीचं सगळं गुपित ठेक्यात आहे. त्याचा दाखला रोजच्या आयुष्यातला होता. माणसं संगीतावर रात्रभर नाचतात आणि थकत नाहीत. तीच माणसं संगीताशिवाय थोडा वेळ तरी नाचवून दाखवा! गणपतीच्या मिरवणुकीत ढोलापुढे सहा तास चाललेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

पण साक्सचा ठेका ढोलवाला वाजवत होता आणि ढोलवाल्याला हुकूम अधिकारी देत होता. ताल तोच, पण वरून आलेला.

१९४४च्या मे महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकम या तळावर वेगळंच घडलं. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ही विभागणी संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला. लांबच्या कूचवरून दमूनभागून परतणाऱ्या काळ्या शिपायांच्या एका तुकडीत विली डकवर्थ नावाचा साधा शिपाई होता. त्यानं पावलांवर एक ओळ म्हणायला सुरुवात केली, बाकीच्यांनी उत्तर दिलं. एकानं म्हणायचं, सगळ्यांनी झेलायचं, ही काळ्या मजुरांच्या श्रमगीतांची जुनी रीत. ओढली जाणारी पावलं ठेक्यात पडू लागली. तळाच्या कर्नलला ते आवडलं, त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि आज अमेरिकन सैन्यात कूच करताना म्हणायच्या या सवाल-जवाबांना ‘केडन्स’ असंच म्हणतात. सैन्याच्या उतरंडीत ज्याच्या खाली फारसं कुणी नव्हतं, त्यानं वरच्यांच्या शब्दाला नवा अर्थ दिला.

आपल्याकडे दोन्ही शब्द रोज एका मैदानावर भेटतात. एनसीसी १९४८ साली सुरू झाली, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५पासून तिथे आहे. प्रबोधिनीच्या खेत्रपाल परेड ग्राउंडवर चालणारा मुलगा किंवा मुलगी ‘कॅडेट’, तो शब्द डोक्याचा. त्यांची पावलं ज्यात पडतात तो ‘केडन्स’, तो शब्द पडण्याचा. इथे कॅडेटला कुणी ‘तू घरातला कितवा’ असं विचारत नाही. आणि जागच्या जागी पावलं टाकायला लावणारा हुकूम आहे ‘कदम ताल’. पाऊल आणि ताल शेजारी ठेवले की झाला केडन्सचा अर्थ.

ठेका कुणाचा

सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द ज्या अर्थानं रुळला त्याचं चांगलं उदाहरण उबुंटू. २००४च्या ऑक्टोबरपासून दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये त्याची नवी आवृत्ती येते. २००६ साली एकदा एप्रिलची जूनवर गेली, एवढाच अपवाद. एखादं फीचर तयार नसेल तर ते पुढच्या खेपेला, पण आवृत्ती वेळेवर पडणार. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना त्यामुळे आपापलं काम जुळवून घेता येतं. हा तालाचा केडन्स.

कॉर्पोरेट मीटिंगमधला केडन्स मात्र पुष्कळदा दुसऱ्या घरातून आलेला असतो. रोज स्टेटस कुणी द्यायचं, कुणाला द्यायचं, कॉल कुणाच्या सोयीच्या वेळी ठेवायचा आणि रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडून कुणी बसायचं, हे सगळं ‘केडन्स’ या गोड शब्दाखाली ठरून जातं. ठेका ठरवणारा आणि पाऊल टाकणारा एक नसतो. ढालीवर चंद्रकोर नसली तरी कॅलेंडर बघून कुणाची पाती थोरली ते कळतं.

म्हणून शब्दकोशातले ते तीन अर्थ मला आता वेगवेगळे वाटत नाहीत. सूर पडतो तेव्हा वाक्य पूर्ण होतं. पावलं एकत्र पडतात तेव्हा ताल होतो. आणि एकच माणूस सतत खालच्या बाजूला पडत राहील अशी व्यवस्था केली की उतरंड होते. पडणं तिन्हीकडे आहे. पुढच्या वेळी कुणी ‘केडन्स ठरवू या’ म्हणालं, तर किती दिवसांचा हे विचारण्याआधी ठेका कोण धरणार एवढं विचारून घ्यावं.